सातशे मीटरचा कागदी बाण

मुकुंदवाडीत गच्चीवर गप्पा मारायच्या तर मध्येच थांबावं लागतं. विमान येतं. चिकलठाण्याची धावपट्टी इथून दीड-दोन किलोमीटरवर, त्यामुळे उतरणाऱ्या विमानाची चाकं, खिडक्या, पोटाखालचे दिवे सगळं नीट दिसतं. पाहुणे दचकून वर बघतात, घरचे तेवढ्यात चहाचा घोट घेतात, आणि आवाज ओसरला की अर्धं राहिलेलं वाक्य पुन्हा पहिल्यापासून सुरू होतं.

गेल्या उन्हाळ्यात असंच एक विमान गेल्यावर पुतण्याने विचारलं, "काका, सगळ्यांत उंच जाणारं रॉकेट करायचं तर दारू किती भरायची?"

माझं आयुष्य एमआयडीसीत गेलं. लेथ, मायक्रोमीटर आणि कोपरे फाटलेली ड्रॉइंगं. रॉकेटशी नोकरीचा काही संबंध नाही. पण हा छंद जुना आहे, वहीतला आहे, आणि घरात त्याची थट्टाच जास्त होते. म्हणून कुणीतरी आपणहून विचारलंय म्हटल्यावर मी सरसावून बसलो.

"दारू ठरलेली आहे," मी म्हणालो. "अंगठ्याएवढी मोटार, तिच्यात अकरा ग्रॅम. कणभर जास्त नाही. आता सांग, किती उंच नेशील?"

त्याचा चेहरा पडला. दारू वाढवायची नाही तर मग करायचं काय? पण जगभर मॉडेल रॉकेटचा खेळ खेळतात तो याच अटीवर. मोटारींना अक्षरं दिलेली असतात. ए म्हणजे जास्तीत जास्त २.५ न्यूटन-सेकंद जोर, बी म्हणजे ५, सी म्हणजे १०, डी म्हणजे २०. दर अक्षराला दुप्पट. मोटारीवर 'सी ६-७' असं छापलेलं असेल तर एकूण जोर सी गटातला, सरासरी रेटा ६ न्यूटन, आणि दारू संपल्यावर ७ सेकंदांनी आतला छोटा बार उडून पॅराशूट बाहेर पडणार. मोटार सगळ्यांना सारखीच. पुढची चढाओढ कागद, लाकूड, डिंक आणि डोकं यांची.

या मोटारींचा उगम आपल्या दिवाळीला जवळचा आहे. अमेरिकेत नेब्रास्कामधल्या नॉरफोक गावी ऑर्व्हिल कार्लाइल हे गृहस्थ बुटांचं दुकान चालवायचे आणि फटाक्यांचे शौकीन होते. पुन्हापुन्हा उडवता येईल असं कागदी नळीचं रॉकेट त्यांनी बनवलं आणि १९५७ साली हॅरी स्टाइन या रॉकेट अभियंत्याकडे पाठवलं. ते स्पुटनिकचं वर्ष. पोरं घराघरांत लोखंडी नळ्यांत दारू ठासून बोटं उडवून घेत होती. स्टाइननी ओळखलं की मुलांच्या हातात दारू येताच कामा नये, मोटार कारखान्यातूनच तयार यावी. पुढच्याच वर्षी डेन्व्हरच्या एका फटाकेवाल्याच्या मुलाने, व्हर्न एस्टेसने, मोटारी ठासणारं यंत्र उभं केलं. दर साडेपाच सेकंदांना एक मोटार! यंत्राचं नाव ठेवलं मेबल. आमच्या शॉपमध्येही एका प्रेसला लोक काकू म्हणायचे, त्यामुळे मला हे फार पटतं.

आपल्याकडे रॉकेटला रॉकेट म्हणायची सवय अलीकडची. आमच्या लहानपणी तो बाणच होता, आणि पेशवाईतल्या कागदांतही बाण म्हणजे लढाईत सोडायची दारूची नळी. म्हैसूरकरांनी ती लोखंडाची केली, इंग्रजांनी ती पाहून विल्यम काँग्रीव्हकडून आपली घडवून घेतली. तेव्हापासून आजच्या दिवाळीपर्यंत बाणाला एक लांब काडी आहे. ती बाटलीत उभं करण्यासाठी असते असं पुष्कळांना वाटतं. मलाही वाटायचं. म्हणून एका दिवाळीत मी आणि शेजारच्या मित्राने काडी उपटली आणि बाण विटांच्या फटीत उभा केला. तो हातभर वर गेला, वळला, गल्लीत तीन गिरक्या घेतल्या आणि शेजारच्या आजोबांच्या वाळत घातलेल्या धोतरात शिरला. आजोबांनी पुढे आठवडाभर आम्हाला ओळख दिली नाही.

काडीचं खरं काम शेपटीचं. उडणाऱ्या वस्तूचा एक गुरुत्वमध्य असतो. बोटावर तोलली तर जिथे तोल सांभाळते तो. दुसरा दाबमध्य, म्हणजे वारा आडवा लागला तर त्याचा सगळा जोर जणू जिथे एकवटतो ती जागा. दाबमध्य गुरुत्वमध्याच्या मागे असेल तर रॉकेट वाकडं झालं तरी हवाच त्याचं ढुंगण ढकलून त्याला सरळ करते. पुढे असेल तर धोतर. काडी दाबमध्य मागे खेचते. मॉडेल रॉकेटात तेच काम पंख करतात. दाबमध्य नेमका कुठे येतो हे गणिताने काढायची सोपी सूत्रं नासाच्या गोडार्ड केंद्रातल्या जेम्स बॅरोमन या अभियंत्याने १९६०च्या दशकात छंदी लोकांसाठी मांडली. आज हेच काम संगणकावर ओपनरॉकेट करतं. फिनलंडच्या सांपो निस्कानेन या विद्यार्थ्याने २००९ साली पदव्युत्तर प्रबंधासाठी ते लिहिलं आणि सगळ्यांना फुकट देऊन टाकलं.

आम्ही मात्र आधी वही घेतली. नियम साधा: हवेचा अडथळा वेगाच्या वर्गाने वाढतो, आणि समोरून दिसणाऱ्या तोंडाच्या क्षेत्रफळाबरोबर. वेग दुप्पट तर अडथळा चौपट; नळी निम्म्या व्यासाची तर अडथळा पाव. दोन रॉकेटं मांडली, मोटार तीच सी. पहिलं हौशी: पंचवीस मिलिमीटरची नळी, जाड पंख, रंगाला पोपडे, सुटताना वजन ५५ ग्रॅम. त्याचा अडथळ्याचा गुणांक मी ०.६ धरला. दुसरं मोटारीच्या अंगासरशी शिवलेलं: १९ मिलिमीटर, तीन पातळ पंख, घासून गुळगुळीत, वजन ३८ ग्रॅम, गुणांक ०.४. हवेची घनता मुकुंदवाडीची, म्हणजे समुद्रसपाटीहून पावणेसहाशे-एक मीटर उंचीवरची.

पहिलं आलं ३७५ मीटर. दुसरं ६९०.

पुतण्याने कॅल्क्युलेटर हिसकावून पुन्हा केलं. तेच आलं. दारू तितकीच, उंची जवळजवळ दुप्पट. आणि दारू संपते त्या क्षणी दुसऱ्या रॉकेटाचा वेग येतो सेकंदाला १९५ मीटर, म्हणजे ताशी सातशे किलोमीटर. कागदाच्या नळीचा! त्या वेळी ती जेमतेम दोनशे मीटरवर असते. उरलेले ४९० मीटर नुसत्या मिळालेल्या वेगावर, आठेक सेकंद, मुकाट. उंचीचा मोठा वाटा रॉकेट दारूशिवाय कमावतं, हे एकदा डोक्यात बसलं की पुढचं सगळं उलगडत जातं. गंमत म्हणून जुहूच्या चौपाटीवरची हवा धरून बघितलं तर तेच रॉकेट चोवीस मीटर खाली राहिलं. मराठवाड्याच्या पठाराचा एवढा तरी फायदा.

मग पुतण्या म्हणाला ते सगळेच म्हणतात: आणखी हलकं करू. इथे मी त्याला कापूस आणायला पाठवलं. गावाकडून आलेलं एक बोंड घरात होतं. कापूस पिंजून त्यातली सरकी काढली. "आधी नुसता कापूस फेक." त्याने जोर लावून फेकला, कापूस हातभर जाऊन तरंगत खाली आला. "आता सरकी." ती समोरच्या घराच्या पत्र्यावर वाजली. हात तोच, जोर तोच. फार हलक्या वस्तूला वेग पटकन मिळतो, पण हवा तो तितक्याच पटकन काढून घेते. फार जड वस्तूला मुळात वेगच मिळत नाही. दोहोंच्या मध्ये कुठेतरी बरोबर वजन असतं. वहीत तीन रकाने केले: सुटताना ३० ग्रॅम असेल तर सुमारे ६८० मीटर, ३८ असेल तर ६९०, ४८ असेल तर ६५०. आठ ग्रॅम वाचवायला जिवाचं रान करायचं आणि दहा मीटर गमवायचे!

याच हिशेबावर चालणारी खरीखुरी रॉकेटं होती. तिरुवनंतपुरमजवळच्या थुंब्याहून सुरुवातीच्या वर्षांत जी परदेशी रॉकेटं उडाली त्यांत जूडी-डार्ट नावाचं एक होतं. त्याचा खालचा टप्पा काही क्षण जळायचा आणि गळून पडायचा. वरचा होता निव्वळ एक बारीक, जड भाला. त्यात इंधनाचा थेंब नाही. पण तोच वातावरणाच्या वरच्या थरांत जाऊन वाऱ्याची खबर आणायचा.

जून लागला आणि कामही. नळीसाठी पाऊण इंची पाइपावर गेल्या वर्षीच्या एका दिवाळी अंकाचं मुखपृष्ठ गुंडाळलं. चकचकीत कागदाला खळ धरेना, म्हणून आधी त्याला पॉलिशपेपर मारावा लागला. नाकासाठी जुन्या कारखान्यातल्या मित्राकडे लाकूड खरादून घेतलं. त्याला मी सुईसारखं टोक करू दिलं नाही. आवाजाच्या वेगाखाली उडणाऱ्याला टोकदार नाक लागत नाही. अंड्याच्या निमुळत्या बाजूसारखं गोलसर पुरतं, आणि ते जास्त चांगलं. बरंच नुकसान मागच्या बाजूला होतं. नळी जिथे एकदम संपते तिथे हवा भोवरे करते आणि रॉकेटाला मागे ओढते. म्हणून शेवटचे दोन सेंटिमीटर, जमेल तितके, निमुळते.

पंख तीनच, चार नाहीत. एक पंख कमी म्हणजे तेवढा अडथळा कमी. पुढची कड गोल, मागची धारदार, मासोळीच्या अंगासारखी. पंख नळीला चिकटतात त्या कोपऱ्यात बोटाने डिंकाचा बाक द्यायचा. सुटताना रॉकेट सळईवरून सरकावं म्हणून बाजूला चिकटवतात ती स्ट्रॉएवढी नळी. दिसायला नगण्य, पण ताशी सातशेच्या वाऱ्यात तीही बोचते. उंचीच्या मागे लागलेले लोक ती काढून टाकतात आणि तीन सळयांच्या पिंजऱ्यातून रॉकेट सोडतात. आमच्या रॉकेटाला ती नळी नाही.

वजनाचा प्रश्न सराफाच्या दुकानात सुटला. घरच्या काट्याला ग्रॅम कळत नाही. सराफाने आमचं कागदी बाळ तबकडीवर ठेवलं. १४.२ ग्रॅम. "मोडीत द्यायचंय का?" त्याने विचारलं आणि स्वतःच हसला. चोवीस ग्रॅमची मोटार धरली तर ३८ च्या किंचित वर. वहीबरोबर जुळलं तेव्हा मला जो आनंद झाला तो वहिनीला समजावून सांगता आला नाही.

मग दोरीची परीक्षा. मोटारीच्या जागी तेवढ्याच वजनाचा नट-बोल्ट कापसात गुंडाळून बसवला, गुरुत्वमध्याशी दोरा बांधला, आणि पुतण्याने गच्चीच्या मध्यावर उभं राहून रॉकेट डोक्याभोवती गोफणीसारखं फिरवायला सुरुवात केली. नाक पुढे राहिलं तर पास. आमचं रॉकेट दोन फेऱ्या आडवं राहिलं आणि तिसऱ्या फेरीपासून शेपूट पुढे करून पळायला लागलं. म्हणजे पुन्हा धोतर.

उपाय दोन. पंख मोठे करायचे, की नाक जड करायचं. पंख वाढवले तर अडथळा वाढतो, म्हणून आम्ही नाकाकडे गेलो. पुतण्याने घाईत कणकेची गोळी कोरलेल्या नाकात कोंबली; रॉकेट ताबडतोब शहाण्यासारखं वागायला लागलं. मग कणीक काढून तेवढंच, तीन ग्रॅम, एम-सील भरलं. गुरुत्वमध्य दाबमध्याच्या पुढे अडीच सेंटिमीटर आला. एक ते दोन व्यासांएवढं अंतर हवं असतं. आमची नळी १९ मिलिमीटरची, तेव्हा हे बरोबर मध्ये बसलं. अंतर आणखी वाढवण्याचा मोह टाळावा. फार स्थिर रॉकेट वाऱ्याकडे तोंड वळवतं, वातकुक्कुटासारखं, आणि उंची सोडून तिरपं जातं.

उडालं तर किती गेलं हे मोजायचं कसं? आता नखाएवढी हवेच्या दाबाची चिप मिळते. या उंचीवर साधारण नऊ मीटर वर गेलं की दाब एक मिलिबारने उतरतो, तेवढं ती ओळखते आणि वजन एक-दोन ग्रॅम. पण मला कंपासपेटी जास्त आवडते. कोनमापकाच्या मध्यावर दोरा, दोऱ्याला नट, झाला ओळंबा. शंभर मीटर लांब उभं राहून कडेवरून रॉकेटाचा वेध घ्यायचा: ४५ अंश म्हणजे १०० मीटर, ६० अंश म्हणजे १७३. मेख अशी की ८० अंशांवर उंची ५६७ येते आणि ८१ वर ६३१; हात एका अंशाने थरथरला की चौसष्ट मीटरची थाप. म्हणून जितकी उंची अपेक्षित तितकंच लांब उभं राहायचं. सातशे मीटरसाठी सातशे मीटर. आमच्या गल्लीच्या तोंडापासून जालना रोड ओलांडून पलीकडे कुठेतरी.

दारूचा विषय पुतण्या सोडत नव्हताच, म्हणून त्याला वसंत गोवारीकरांची गोष्ट सांगितली. त्यांचं नाव लोकांना मान्सूनच्या अंदाजामुळे माहीत असतं. रॉकेटवाले गोवारीकर फारसे कुणाला आठवत नाहीत. पुण्यात १९३३ साली जन्म, बर्मिंगहॅमची पीएचडी, ब्रिटनमधली नोकरी, आणि १९६७ साली विक्रम साराभाईंच्या बोलावण्यावरून थेट थुंब्याला. त्याच वर्षी २० नोव्हेंबरला रोहिणी मालिकेतलं पहिलं आरएच-७५ उडालं. व्यास ७५ मिलिमीटर, आपल्या चहाच्या कपाच्या तोंडाएवढा! देशाचा अवकाश कार्यक्रम एवढ्या जाडीच्या नळीतून वाढला.

गोवारीकरांचं काम घन इंधनाचं. फटाक्यातल्या दारूची एक मर्यादा आहे. एक किलो काळी दारू एक किलो वजन तोलून धरण्याइतका रेटा सुमारे ८० सेकंद देऊ शकते. एचटीपीबी नावाच्या कृत्रिम रबरात ऑक्सिजन पुरवणारा क्षार आणि ॲल्युमिनियमची भुकटी मळून, साच्यात ओतून, भट्टीत मुरवून जे इंधन होतं ते २४० सेकंदांच्या पुढे जातं. भेग किंवा हवेचा बुडबुडा राहिला तर ज्योत तिथे घुसते आणि रॉकेट फुटतं. त्यामुळे हे काम रसायनाचं जितकं तितकंच कणीक मळणाऱ्या हाताचं. गोवारीकर १९७९ ते १९८५ विक्रम साराभाई अंतराळ केंद्राचे संचालक होते, आणि १८ जुलै १९८० रोजी एसएलव्ही-३ ने रोहिणी उपग्रह कक्षेत नेला तेव्हा चारही टप्पे घन इंधनाचे होते. आज पीएसएलव्हीच्या पहिल्या टप्प्यात असं १३८ टन इंधन असतं. त्या टप्प्याची पोलादी कवचं घडवणाऱ्या कारखान्यांत इंदापूर तालुक्यातलं वालचंदनगर आहे. २.८ मीटर व्यासाचं पोलाद गोल राखणं काय असतं हे ज्याने लेथवर फूटभर व्यासाचं बुश घासलंय त्याला विचारा.

इतकं सगळं झालं, आणि आमचं रॉकेट उडालेलं नाही.

पहिली अडचण मोटारीची. ती इथल्या दुकानात मिळत नाही, आणि घरी बनवायची नाही, यावर मी अडून बसलो. दारूचा धंदा १८८४च्या स्फोटकं कायद्याखाली येतो, परवाने देणाऱ्या केंद्रीय संस्थेचं मुख्यालय आपल्या नागपुरातच आहे, आणि तिथे पुतण्याच्या वतीने अर्ज घेऊन जायची माझी तयारी नाही. कायदा बाजूला ठेवला तरी २९ ऑक्टोबर २०१६ची दुपार या शहरातला कुणी विसरलेला नाही. औरंगपुऱ्यात जिल्हा परिषदेच्या मैदानावर भरलेला फटाक्यांचा अख्खा बाजार ऐन दिवाळीत पेटला होता. धुराचा लोट आम्ही इथून पाहिला.

दुसरी अडचण डोक्यावरून जाते. २६ एप्रिल १९९३ला चिकलठाण्याहून उडताना इंडियन एअरलाइन्सचं विमान धावपट्टीपलीकडच्या रस्त्यावर कापसाच्या गाठी भरलेल्या ट्रकला धडकलं. पंचावन्न माणसं गेली. ट्रक रस्त्यावर होता, त्याच्या जागी. तेव्हापासून मुकुंदवाडीतला शहाणा माणूस विमानाच्या वाटेत पतंगाची दोरीसुद्धा येऊ देत नाही. आमचं रॉकेट उडवायचं तर शहरापासून, धावपट्टीपासून दूर, रिकामं माळरान हवं, परवानगी हवी, आणि रीतसर कारखान्यात बनलेली मोटार देणारं कुणीतरी हवं. २०२५ च्या ऑक्टोबरात उत्तर प्रदेशात कुशीनगर जिल्ह्यातल्या तमकुही राजला इन-स्पेस या सरकारी संस्थेने महाविद्यालयीन मुलांच्या रॉकेटांची स्पर्धा भरवली. पुतण्याने ती बातमी कापून वहीत चिकटवली आहे. त्याला अजून बारावी व्हायचंय.

परवा संध्याकाळी तो गच्चीवर कोनमापक घेऊन उभा होता. विमानं साधारण तीन अंशांच्या उतारावरून उतरतात, म्हणजे किलोमीटरमागे बावन्न मीटर, हे मी त्याला सांगितलं होतं, आणि त्याला ते पडताळून बघायचं होतं. विमानाची वाट आमच्या घरावरून नाही, बाजूने आहे. नकाशावर मोजून त्याने अंतर अडीचशे मीटर काढलं होतं. मुंबईचं विमान आलं. त्याने कडेवरून वेध घेतला, दोरा चिमटीत धरला, आवाज ओसरेपर्यंत हलला नाही.

"चोवीस अंश," तो म्हणाला. मग वहीत बघून, "एकशे अकरा मीटर."

मागे खुंटीला टांगलेलं रॉकेट विमानाच्या वाऱ्याने, की नुसत्याच संध्याकाळच्या वाऱ्याने, दोऱ्यावर हळूहळू फिरत होतं. नाक पुढे करून.

"काका, म्हणजे आपलं ह्याच्या सहापट वर?"

"सव्वासहा," मी म्हणालो, आणि खाली चहा घ्यायला गेलो.